स्टेपनी घेतली, पण पाणी घेतले का?

"डॉक्टरसाहेब, उद्या जीपने डोंगरात चाललोय. बरोबर कोणत्या गोळ्या घेऊ?" हिवाळा सुरू झाला की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. मी चिठ्ठी लिहून देतो आणि उलट विचारतो, "पाण्याचे कॅन किती घेतलेत?" हे विचारायला मी एका चुकीतून शिकलो, आणि चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र तोरणमाळहून पुढे, सातपुड्यातल्या एका कच्च्या रस्त्याने निघालो होतो. औषधांची पेटी भरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे होते. तापाच्या, जुलाबाच्या, उलटीच्या गोळ्या मी नीट रचून घेतल्या. पाण्याचा वीस लिटरचा कॅन मात्र "जागा अडवतो, वाटेत मिळेल पाणी" म्हणून मीच घरी ठेवायला लावला. चढावर इंजिन तापले. गाडी थांबताच एका मित्राने घाईने रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी उसळले आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

भाजल्यावर पहिला उपचार म्हणजे वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार. हळद, शाई, टूथपेस्ट काही नाही. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. त्या वेळी आमच्याजवळ उरली होती पाण्याची दीड बाटली! सुदैवाने जवळच्या पाड्यावरच्या दोन बायका झऱ्यावरून हंडे घेऊन येत होत्या. त्यांनी काही न विचारता हंडे आमच्यापुढे ठेवले आणि रिकामे झाल्यावर पुन्हा भरून आणले. मित्राचा हात बरा झाला. मनगटावर डाग राहिला आहे.

म्हणून वाचकहो, आडवाटेला निघताना गाडीची आणि माणसांची तयारी एकत्रच करा. पिण्यासाठी माणशी रोज पाच लिटर पाणी आणि त्याशिवाय एक भरलेला कॅन ठेवा. इंजिन तापले तर ते बंद करून पूर्ण निवू द्या, तोवर झाकणाला हात लावू नका. हवा भरलेली स्टेपनी, जॅक, टोचनचा दोर आणि जास्तीचा फॅनबेल्ट घ्या. मऊ मातीत जॅक खचतो, त्याखाली ठेवायला जाड फळी हवी. गाडी जॅकवर असताना कोणीही खाली शिरू नये. जड सामान टपावर नको. आडव्या उतारावर गाडी कलंडते. ते खाली ठेवून घट्ट बांधा.

डिझेल किंवा पेट्रोल नळीने तोंडाने ओढू नका. थोडेसे जरी फुप्फुसात गेले तरी गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. गिळले गेल्यास उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. थंडीत काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्याला काही कळतच नाही.

पेटीत निर्जंतुक गॉज, क्रेप बँडेज, ओआरएस आणि पॅरासिटामॉल असावे. रक्तदाब-मधुमेहाची नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट घ्या. इन्सुलिन डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने ते निकामी होते. साप चावल्यास कापू नका, आवळून बांधू नका. तो हात वा पाय हलू न देता रुग्णाला रुग्णालयात न्या.

दरीत मोबाइलला रेंज नसते, तेथे १०८ क्रमांक लागत नाही. म्हणून कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी कागदावर लिहून ठेवा. वाटेवरचे रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

परवा तोच मित्र नवी गाडी दाखवायला आला होता. त्याने आधी मागचे दार उघडले. आत दोन कॅन होते, काठोकाठ भरलेले.