घरातला पाटकरी

धुळ्याला माझी धाकटी बहीण राहते. घर जुने, भिंती हात-दीड हात रुंदीच्या. खानदेशचा उन्हाळा काढावा तो अशाच भिंतींच्या आड! मात्र या भिंती उन्हाला जशा आत येऊ देत नाहीत, तशा बिनतारी लहरींनाही येऊ देत नाहीत, हे ध्यानात यायला २०२० साल उजाडावे लागले.

त्या वर्षी ऑक्टोबरात भाचीची बी. कॉम.च्या अंतिम वर्षाची परीक्षा घरबसल्या संगणकावर द्यायची ठरली होती. तिचा संगणक मधल्या खोलीत, मेहुण्यांचा दुकानाच्या हिशेबाचा संगणक माडीवर. दोन्ही जुने, बिनतारी इंटरनेट घेण्याची सोय नसलेले. म्हणून घरात पूर्वीच तारा फिरवल्या होत्या आणि त्या साऱ्या जिन्याखालच्या एका लहानशा पेटीत येऊन मिळत. या पेटीला स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी तिचे काही नाते नाही. परीक्षेला चार दिवस उरले असताना कुठेतरी रस्ता खणताना बाहेरून येणारी केबल तुटली. पेटीवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, पण घर कोरडे पडले.

इंटरनेट मिळत होते ते एकाच ठिकाणी. माडीच्या खिडकीत मोबाइल ठेवला की त्याला रेंज येई, आणि त्याच्या हॉटस्पॉटवरून पुण्याहून घरी आलेल्या भाच्याचा लॅपटॉप चाले. पण त्याचे स्वतःचे वर्गही त्याच वेळी त्याच लॅपटॉपवर भरत. रात्री त्याचा मला जळगावला फोन आला, "मामा, लॅपटॉपवर नेट आहे, आणि ताईच्या संगणकावर टिपूस नाही. काय करायचं?"

जळगावहून धुळे ९० किलोमीटरच्या आसपास. एरवी एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी एस.टी. पकडली असती. पण दिवस कोरोनाचे, आणि त्या घरात ऐंशी ओलांडलेले अण्णा, म्हणजे बहिणीचे सासरे. तेव्हा जायचे नाही, फोनवरूनच सांगायचे, असे ठरले. आधी मी माझ्या घरी लॅपटॉप आणि एक जुना संगणक समोरासमोर मांडून प्रयोग करून पाहिला. जे जमले ते क्रमाने कागदावर टिपले आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याला फोन लावला.

अण्णांचा प्रश्न

युक्ती तशी नवी नाही. १९९९ साली विंडोज ९८ची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हापासून ही सोय त्या प्रणालीत आहे. फक्त फार जणांना तिची गरज पडत नाही. लॅपटॉपला दोन दारे असतात. एक बिनतारी, दुसरे तारेचे. बिनतारी दाराने आलेले इंटरनेट तारेच्या दाराने बाहेर सोडायचे, एवढाच काय तो खेळ!

मी हे सांगत होतो तेव्हा पलीकडे फोनचा स्पीकर लावलेला होता. मध्येच अण्णांचा आवाज आला, "म्हणजे लॅपटॉप पाटकरी झाला, असंच ना?"

मी थक्क झालो. कारण याहून नेमका शब्द मला सुचला नसता. अण्णांचे लहानपण पांझरेच्या काठी गेलेले. पांझरा, मोसम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धतीने पाणी वाटत आले आहेत. नदीवर बंधारा घालायचा, पाणी पाटाने वळवायचे, पाटातून चाऱ्यांनी शेतात न्यायचे. लाभातल्या जमिनीचे बहुधा चार फड पाडायचे आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे. यातली खुबी अशी की शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी घ्यायचे नाही. पाणी देणारा पाटकरी वेगळा. कोणाच्या शेताला केव्हा आणि किती, हे तो पाहणार, आणि त्याची मजुरी सर्वांनी मिळून द्यायची. पाण्यावरून भांडणे कमी व्हावीत म्हणून आपल्या पूर्वजांनी लावलेली ही शिस्त!

लॅपटॉपही हेच करतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटी. आज जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर. मग सर्वांना पत्ते पुरावेत कसे? १९९४ साली यावर तोड सुचवली गेली, की घराला बाहेरचा पत्ता एकच असावा आणि आतल्या यंत्रांना घरगुती पत्ते द्यावेत. १९९६ साली या घरगुती पत्त्यांच्या मालिका कायमच्या ठरल्या. १९२.१६८ने सुरू होणारी मालिका त्यातलीच. मधल्या खोलीतल्या संगणकाने काही मागितले की लॅपटॉप ती मागणी स्वतःच्या नावाने पुढे पाठवतो, कोणी काय मागितले याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोचवतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो एकटा पाटकरी.

प्रत्यक्ष कृती

आता करायचे काय ते सांगतो. वेळप्रसंगी कोणालाही उपयोगी पडेल. लॅपटॉप आणि स्विच यांच्यामध्ये नेहमीची नेटवर्कची तार जोडावी. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना तारेचे भोक नसते. त्यांच्यासाठी यूएसबीला लावायचा जोड मिळतो. मग विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क जोडण्यांची यादी उघडावी. वाय-फायच्या चित्रावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज, तिथे शेअरिंगचे पान, आणि त्यावर इतरांना ही जोडणी वापरू देण्याची जी चौकट आहे तिच्यात खूण करावी. कोणत्या दाराने वाटायचे असे विचारले, तर इथरनेट म्हणजे तारेचे दार निवडावे. लॅपटॉपचे तारेचे दार आपोआप १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेते. बाकीच्या संगणकांवर पत्ता आपोआप मिळण्याची निवड असली म्हणजे झाले. मॅक संगणकातही इंटरनेट शेअरिंग या नावाने हीच सोय असते.

भाच्याने सारे केले. काही चालेना! अर्ध्या तासाने उलगडा झाला. तुटलेल्या केबलचा जुना राउटर अजून स्विचला जोडलेला होता. त्याच्याकडे इंटरनेट नव्हते, पण पत्ते वाटण्याचे काम तो इमानाने करीत होता. एका पाटावर दोन पाटकरी! राउटरची तार काढली, संगणक पुन्हा सुरू केले, आणि मधल्या खोलीतून भाची ओरडली, "मामा, आलं!"

पाणी गेले कुठे?

खरी परीक्षा पुढेच होती. आदल्या दिवशी सकाळी विद्यापीठाची सराव-चाचणी ठेवलेली. भाची बसली आणि दहाव्या मिनिटाला पडदा थिजला. मोबाइलला रोजचा डेटा दीड जीबी. तो सकाळी साडेदहालाच संपला होता. पोरीचे डोळे भरून आले. तीन वर्षांच्या अभ्यासाची अखेर अशी व्हायची?

चोर माडीवर सापडला. हिशेबाच्या संगणकाला बऱ्याच दिवसांनी इंटरनेट मिळाले, तशी त्याने आपली साठलेली सुधारणा गुपचूप उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की हे पाणी मोबाइलचे, मोजके आहे? लॅपटॉपला ते सांगून ठेवता येते. पण तारेने पाणी घेणाऱ्या संगणकाला ती खबर पोचत नाही. प्रत्येक संगणकावर 'मीटर्ड कनेक्शन'ची निवड वेगळी करावी लागते. परीक्षेच्या उत्तरांना डेटा लागतो थोडा. तो खाऊन टाकतात सुधारणा आणि चित्रफिती.

अण्णांनी सारे ऐकून घेतले आणि अहिराणीत म्हणाले, "पानी बठ्ठासले भेटाले जोयजे." पाणी सगळ्यांना मिळायला पाहिजे, पण ज्याचे पीक वाळते आहे त्याला आधी. त्यांनी तिथल्या तिथे पाळी लावून दिली. परीक्षा संपेपर्यंत माडीवरच्या संगणकाची तार काढून ठेवायची. भाच्याने वर्गाचे नुसते ऐकायचे, चित्र बंद. हिशेब रात्री, तोही डेटा उरला तर.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः लॅपटॉपपाशी खुर्ची टाकून बसले. कारण या व्यवस्थेत एक कच्चा दुवा आहे. लॅपटॉपचे झाकण मिटले किंवा तो आपोआप निजला, की सारे घर कोरडे. भाच्याने निजण्याची निवड बंद केलीच होती, चार्जर लावला होता, जिन्याखालची पेटी इन्व्हर्टरवर घेतली होती. तरी सवयीने कोणी झाकण मिटू नये म्हणून हा पहारा. बहिणीने चहा वरच नेऊन दिला. तासाभराने भाची माडीवर धावत आली, उत्तरे पोचल्याची पावती अण्णांना दाखवली आणि त्यांच्या पाया पडली. अण्णा म्हणाले, "आता लावा ती हिशेबाची तार."

पुढे केबल जोडली गेली, भाची चांगल्या गुणांनी पास झाली. माझ्याकडचा तो कागद मात्र मी जपून ठेवला आहे. जळगावातही रस्ते खणले जातात, आणि अशा वेळी माझा लॅपटॉप पाटकरी होतो. त्या कागदावर मागाहून दोन ओळी वाढवल्या आहेत. एक, लॅपटॉप बंद करून सुरू केला तर वाटपाची खूण कधी कधी काढून पुन्हा करावी लागते. दोन, हॉटस्पॉटला पासवर्ड असलाच पाहिजे. २००८ साली नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातले उघडे वाय-फाय वापरून परक्यांनी अहमदाबादच्या स्फोटांसंबंधीचा ईमेल पाठवला होता, आणि चौकशीला तोंड द्यावे लागले ते त्या घरातल्यांना. आपला पाट आपल्याच फडापुरता असावा.

दिवाळीला मुले-माणसे घरी जमतात, तेव्हा हा प्रयोग एकदा निवांतपणी करून पाहावा. अडचणीच्या दिवशी शिकायला वेळ नसतो. आणि त्या दिवशी पाटकरी यंत्र असले, तरी पाळी लावणारे माणूस घरात असावे.