हजार यार्डांचा विक्रम : कोणाच्या वहीत?

महाविद्यालयात एन.सी.सी.चे शिक्षण घेतलेल्या वाचकांना ‘ग्रूपिंग’ हा शब्द आठवत असेल. पंचवीस यार्डांवरून .२२ रायफलीने पाच गोळ्या झाडावयाच्या आणि कागदावरील छिद्रे एकमेकांपासून किती अंतरावर पडली, हे हवालदारसाहेबांनी मोजावयाचे. गोळी मधोमध लागली की कडेला, याला त्या दिवशी महत्त्व नसे; छिद्रे एकमेकांजवळ असली म्हणजे झाले. (प्रस्तुत लेखकाची पाचही छिद्रे एकाच कागदावर कधी सापडली नाहीत, हा भाग वेगळा.) नेमकी हीच कसोटी धरून अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर एक स्वतंत्र क्रीडाप्रकार उभा राहिला. त्याला ‘बेंचरेस्ट’ म्हणतात.

या खेळात नेमबाज भक्कम मेजापाशी बसतो. रायफल हातांवर न पेलता वाळूच्या पिशव्यांवर ठेवलेली असते. हाताचा कंप, श्वासाची लय या गोष्टींचा परिणाम त्यामुळे जवळजवळ नाहीसा होतो आणि खरी स्पर्धा उरते ती रायफलीची घडण, घरी स्वतः मोजूनमापून भरलेली काडतुसे आणि वाऱ्याची पारख यांची. मूळचा खेळ शंभर, दोनशे आणि तीनशे यार्डांचा. पुढे तो सहाशे व हजार यार्डांपर्यंत गेला. हजार यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर. एवढ्या अंतरावर आडवा वारा गोळीला काही इंच नव्हे, तर काही फूट बाजूला ढकलू शकतो. असे असूनही २००७ साली हलक्या रायफलींच्या वर्गात पाच गोळ्यांचा १.४०३ इंचांचा गट नोंदला गेला. पाचही छिद्रे काडेपेटीएवढ्या जागेत मावली, असा याचा अर्थ.

हा जागतिक विक्रम होता काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र साधे नाही.

वर उल्लेखिलेला विक्रम ‘इंटरनॅशनल बेंचरेस्ट शूटर्स’ या संघटनेच्या वहीतला आहे. तिची स्थापना १९७० ची. तिच्या आधी, १९५१ पासून, ‘नॅशनल बेंच रेस्ट शूटर्स असोसिएशन’ ही संघटना कार्य करीत होती. मुख्यतः पूर्वेकडील राज्यांतील नेमबाज तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी नवी संघटना स्थापन केली. नव्या संघटनेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आणि जुनीच्या नावात ‘नॅशनल’ असले, तरी त्यावरून अधिकाराची उतरंड ठरत नाही. दोघींची नियमावली स्वतंत्र, स्पर्धा स्वतंत्र आणि विक्रमांची नोंदही स्वतंत्र. एकीच्या मान्यतेने झालेल्या स्पर्धेतील गट दुसरीच्या वहीत जात नाही.

हजार यार्डांच्या बाबतीत तर या दोघींच्या जोडीला तिसरी वही आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या डोंगराळ भागात एका कड्यावरून दरीपलीकडच्या उतारावरील हरणांची शिकार करणारे लोक होते. त्यांच्यातूनच १९६७ मध्ये विल्यम्सपोर्ट येथे हजार यार्डांच्या बेंचरेस्टचा क्लब निघाला. (हे गाव एरवी लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेसाठी प्रसिद्ध आहे.) क्लबच्या नावातच ‘ओरिजिनल’ हा शब्द आहे आणि आपला वडीलकीचा मान तो सोडावयास तयार नाही. त्याचे नियम त्याचे स्वतःचे, विक्रमही स्वतःचे, आणि वार्षिक स्पर्धेचे नाव ‘वर्ल्ड ओपन’!

केवळ मानापमानाचा हा प्रश्न असता, तर त्याचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु नियमात थोडा फरक पडला की आकड्याचा अर्थच बदलतो. गट मोजताना सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधील अंतर घेतात. त्यामुळे एक गोळी अधिक झाडली, तर गट मोठा होईल किंवा आहे तेवढाच राहील. लहान होणे शक्यच नाही. एकाच रायफलीचा दहा गोळ्यांचा गट तिच्याच पाच गोळ्यांच्या गटापेक्षा सरासरीने सुमारे पाव हिश्शाने मोठा येतो. हलक्या वर्गात १७ पौंडांची मर्यादा आणि पाच गोळ्या, जड वर्गात वजनाचे बंधन नाही पण गोळ्या दहा, अशी विभागणी ‘इंटरनॅशनल’ने केली आहे. २००९ साली उत्तर कॅरोलिनात जड वर्गात दहा गोळ्यांचा ३.०४४ इंचांचा गट नोंदला गेला. तो १.४०३ च्या दुपटीहून मोठा दिसतो. पण गोळ्याच दुप्पट असल्यामुळे त्याला कमी लेखणे अन्यायाचे होईल.

त्यातच प्रत्येक मैदानाची हवा निराळी. डोंगरांच्या आडोशाचे मैदान आणि उघड्या माळावरचे मैदान यांची तुलना कोणत्या नियमाने करावी? याचे उत्तर कोणत्याच नियमावलीत सापडणार नाही.

संघटनेचा खरा उपयोग दिसतो तो पडताळणीत. कमी अंतराच्या नोंदणीकृत स्पर्धांत लक्ष्याच्या मागे सरकता कागद लावण्याची पद्धत आहे. पाच गोळ्या एकाच छिद्रातून गेल्यासारख्या दिसल्या, तरी मागच्या कागदावर त्या वेगवेगळ्या उमटतात आणि चार गोळ्यांचा गट पाचाचा म्हणून खपविता येत नाही. विक्रमी वाटणारे लक्ष्य समितीकडे जाते व तेथे पुन्हा मोजले जाते. अशी साक्ष नसेल, तर घरच्या शेतावर मारलेला याहूनही लहान गट ही केवळ सांगोवांगीची गोष्ट ठरते.

आपल्याकडील वाचकाला हे सारे चमत्कारिक वाटेल. आपली नॅशनल रायफल असोसिएशनही योगायोगाने १९५१ मध्येच स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर हे तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची स्पर्धा नेमबाजांना चांगली परिचित आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे याने २०२४ मध्ये पॅरिस येथे ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा ते कोणाच्या वहीत लिहावयाचे असा प्रश्न उद्भवला नाही. ऑलिंपिक नेमबाजीसाठी जगात एकच महासंघ मान्य आहे. बेंचरेस्टचा ऑलिंपिकशी संबंध नाही, सरकारी अनुदानाचा प्रश्न नाही; म्हणून तेथे एकत्र येण्याची सक्तीही नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते ही फूट सर्वस्वी हानिकारक ठरलेली नाही. एका ठिकाणचे नियम न पटणाऱ्याला दुसरे ठिकाण मोकळे राहिले आणि अनेक नेमबाज दोन्ही संघटनांचे सभासद होऊन दोन्हीकडे खेळतात. झळ बसते ती लहान क्लबांना. हजार यार्डांवर लक्ष्ये वर-खाली करण्यासाठी खंदकात माणसे बसवावी लागतात आणि हे काम बहुधा हौशी सभासदच आळीपाळीने करतात. गोळीबार थांबेपर्यंत त्यांनी खाली बसून राहावयाचे, मग लक्ष्य उतरवून छिद्रे मोजावयाची आणि त्यावर नेमबाजाचे नाव घालून ते वर पाठवावयाचे. एक विक्रम तीन वह्यांत विभागला गेला, तरी खंदकातली ही माणसे तिन्हीकडे सारखीच लागतात.