हात आवरून बसायचे दिवस

नको व माय, ठेव ती बादली खाली! संत्र्याची पानं मलूल दिसली म्हणून तुला दया आली. पण त्याचं पाणी मीच तोडलंय. पौषात आपल्या विदर्भातले बागवाले संत्र्याला महिना-दीड महिना ताण देतात. पाणी तुटलं आणि वर थंडी पडली की झाडाची वाढ थांबते. पालवीवर खर्च होणारं अन्न फांद्यांत साठतं आणि डोळ्यांमध्ये फुलांची तयारी सुरू होते. मग माती हलवायची, शेणखत घालायचं, पाणी सोडायचं. साधारण तीन आठवड्यांत घरामागची अख्खी सांदवाडी घमघमते. बागवाले ज्याला आंबिया बहार म्हणतात, तो हाच. तोवर आपण काय करायचं? पाहायचं. बागेत याच्यासारखी मजा नाही.

आता ती शेवंती पाहा. पावसाळाभर नुसती पानंच काढत होती. रात्री मोठ्या व्हायला लागल्या तशी कळ्यांवर आली. तिला कोणी सांगितलं? ही गोष्ट उलगडली ती तंबाखूपासून. अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड नावाच्या दोघा संशोधकांकडे तंबाखूची एक जात होती. उन्हाळ्यात ती माणसापेक्षा उंच वाढायची, पण फुलायचं नाव नाही. त्यांनी काही रोपं रोज दुपारी अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली. दिवस लहान झाला आणि भर उन्हाळ्यात ती फुलली! 1920 साली त्यांनी हे जगाला सांगितलं. पुढे कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं, आणि मोजतं पानांनी. म्हणून म्हणतो, शेवंतीजवळ रात्रभर दिवा जळत ठेवू नकोस. तिची रात्र मोडते आणि फूल लांबतं.

आंब्याची रीत वेगळी. तो थंडी ओळखतो. रात्रीचा पारा 15 अंशांच्या आसपास काही दिवस राहिला की शेंड्यांतले डोळे मोहोराकडे वळतात. पण कुठल्या शेंड्यातले? जा, फांद्या नीट बघून ये. ज्यांची पालवी जून होऊन गडद हिरवी झाली, तिथेच डोळे फुगलेले दिसतील. तांबूस कोवळी पानं आहेत, तिथे यंदा बहुतेक काही नाही. एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारो फुलं येतात, आणि त्यातली बरीचशी नुसती नर. शंभर फुलांमागे एक आंबासुद्धा पिकत नाही. मोहोरावर माश्या घोंगावल्या तर हाकलू नकोस. पराग इकडचा तिकडे नेण्याचं काम त्याच करतात.

आता बांधीकडे चल. धान निघालंय, लाखोरी फुलावर आहे, आणि बांधावरचा पळस पानं गाळतोय. पान गेलं की बाष्प होऊन उडणारं पाणी वाचतं. मुळं खोलातून ओल ओढत राहतात आणि खोड पाण्याचा रांजण होतं. त्याच ओलीवर काळपट मखमली कळ्या फुगतात. फाल्गुनात केशरी फुलं उघडतील तेव्हा आड यायला पान नसेल. साळुंकी आणि शिंजीर लांबूनच मध हेरतील. पलीकडे मोहाच्या शेंड्यांवर कळ्यांचे झुबके धरतील. मोह फुलतो रात्री, कारण त्याचे पाहुणे वटवाघळं. पहाटे गोड फुलं टपटप खाली पडतात, आणि आपली माणसं टोपल्या घेऊन निघतात.

सगळ्यात नवलाचं मात्र एप्रिलमध्ये घडतं. ऊन तापलेलं, बोड्या आटलेल्या, पाऊस दीड-दोन महिने लांब. आणि तेव्हाच भंडाऱ्याजवळच्या कोकाच्या जंगलात कितीतरी झाडं नवी पालवी काढतात. कोरड्यात कशाला हा खर्च? 2006 साली इलियट, बेकर आणि बोर्चर्ट यांनी दक्षिण भारतातल्या आणि थायलंडमधल्या जंगलांवरून उत्तर दिलं. मार्चच्या विषुवानंतर दिवस वाढतो, ती खूण झाडं पकडतात. आपल्या भंडाऱ्यात वर्षातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस यांत जेमतेम अडीच तासांचा फरक; त्यातली थोडीशी वाढही झाडांना पुरते. पाऊस आला की ऊन-पाण्यातून अन्न करायचं काम त्याच दिवशी सुरू व्हावं, म्हणून पानं आधीच तयार.

तेव्हा झाडं बसलीत असं समजू नकोस, आणि आपणही बसायचं नाही. ती बादली ठेवून चाळणी आण. ताण सुटेल तेव्हा शेणखत हाताशी लागेल, ते आजच चाळून ठेवू.