मनीप्लँटला वर चढू द्या

मुंबई-पुण्याच्या एखाद्या जुन्या बागेत मोठ्या झाडाच्या खोडाला धरून वर गेलेला मनीप्लँट पाहा. बुंध्याशी पान तळहाताएवढं असतं. वर, फांद्या फुटतात तिथे ते परातीएवढं होतं आणि कडेनं आतपर्यंत चिरत जातं. हा निराळाच वेल असावा असं अनेकांना वाटतं. पण आपल्या खिडकीत, बाटलीतल्या पाण्यात चार पानांवर अडून बसलेला वेलही हाच. तो खुरटा नाही, त्याला चढायला जागा मिळालेली नाही.

याचं मूळ गाव पॅसिफिक महासागरातलं मूरेआ बेट. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम, कुळ अळवाचं आणि सुरणाचं. जंगलाच्या अंधाऱ्या तळाशी उगवायचं आणि झाडाच्या आधारानं उजेडाकडे जायचं, हा त्याचा जीवनक्रम. पेरापेराला फुटणारी हवाई मुळं ओलसर खोड सापडलं की घट्ट चिकटतात आणि वेल जसजसा वर जातो तसतशी पानं मोठी होतात. तोच वेल खाली लोंबता सोडला की नवी पानं बारीक येऊ लागतात, दोन पानांमधली दांडी लांबत जाते. टांगत्या कुंडीत तो देखणा दिसतो, मान्य आहे. पण ते त्याचं अर्धंच रूप.

म्हणून पहिली गरज आधाराची. काथ्या गुंडाळलेली काठी रोपवाटिकेत मिळते. ती कुंडीच्या तळापर्यंत रोवा. वेल सुतळीनं सैल बांधा, पेरं काठीला टेकलेली राहू द्या आणि काठीवर रोज पाणी फवारा. हे शेवटचं काम बहुतेक घरांत राहून जातं. कोरड्या काठीला मुळं धरत नाहीत, मग ती काठी नुसती टेकण म्हणून उरते.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची उत्तम. दुपारच्या थेट उन्हानं पान करपतं, अंधाऱ्या कोपऱ्यात त्यावरचे पिवळे शिंतोडे नाहीसे होतात. पाणी मात्र बोट मातीत खुपसून बघितल्याशिवाय घालू नये. वरची दोन बोटं माती सुकली असेल तरच घाला. हा वेल तहानेनं क्वचित मरतो, कुजलेल्या मुळांनी हमखास.

बाटलीतच ठेवायचा असेल तर पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती पाण्याच्या रेषेशी काचेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत.

या वेलाला फूल जवळपास येतच नाही. फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसं तयार होत नाही, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. बाहेरून ते फवारल्यावर फुलं आली. फूल नाही म्हणून बी नाही. त्यामुळे घरोघरचा मनीप्लँट हा कुणाच्या तरी वेलाचा कापलेला तुकडाच असतो.

वेल काठीच्या टोकाला पोचला की शेंडा कापायला कचरू नका. तुकड्यावर निदान एक पेर हवं, नुसत्या पानाच्या देठातून वेल वाढत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी कापलेले तुकडे चटकन मुळं धरतात. ते त्याच कुंडीत बुंध्याशी लावले तर खालची उघडी पडलेली काठीही भरून येते. कापल्यावर हात धुवा, कारण चिकानं खाज सुटते. रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा, पान चावलं तर तोंडाची आग होते.