अडकलेलं स्फुरद

डीएपी खताच्या पोत्यावर १८:४६ असं छापलेलं असतं. त्यातलं ४६ स्फुरदाचं. पण ते सगळं पिकाच्या तोंडी लागत नाही. पहिल्या हंगामात पीक जेमतेम पाचवा हिस्सा उचलतं. उरलेलं जमिनीतच अडकून बसतं. चुनखडीच्या काळ्या रानात त्याला कॅल्शियम धरून ठेवतं, कोकणातल्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम.

ते सोडवणारे जिवाणू (पीएसबी) मातीत मुळातच असतात. बॅसिलस आणि स्युडोमोनास ही त्यांतली नेहमीची नावं. मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर ते जगतात आणि ग्लुकोनिकसारखी आम्लं सोडतात. आम्लाने कॅल्शियमची पकड सुटते आणि स्फुरद पाण्यात उतरतं. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट मिसळलेली बशी दुधाळ असते; जिवाणूंची वसाहत वाढली की तिच्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं उमटतं. पिकोव्हस्काया या रशियन संशोधिकेने १९४८ मध्ये सुचवलेलं हे माध्यम आजही वापरात आहे.

बशीतला पहिलवान शेतात मात्र हमखास जिंकेल असं नाही. जास्त चुनखडीची जमीन ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकते. त्यामुळे ‘पीएसबी लावा, खत विसरा’ असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर माझा तरी विश्वास नाही. शेणखत भरपूर असेल तर जिवाणू टिकतात.

जिवाणू लावायचेच असतील तर पाकिटावरची मुदत आधी बघावी. बुरशीनाशक चोळायचं असेल तर ते अगोदर, जिवाणू शेवटी. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने लावावं, सावलीत सुकवावं आणि लगेच पेरावं.