आठवा कामगार

सात माणसं हाताखाली ठेवली तर तुम्ही कष्टकरी. आठवं ठेवलंत की शोषक! १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमध्ये ही रेघ खरोखर होती. किरकोळ धंदेवाल्याला दोन मदतनीस आणि पाच शिकाऊ, त्यापुढे नाही.

हा आकडा आला कुठून, हे वाचून डोळे विस्फारतात. मार्क्सच्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात (१८६७) उदाहरणादाखल एक हिशेब आहे. मजूर बारा तास राबतो. आठ तासांत त्याच्या पोटापुरतं निघतं, उरलेले चार तास मालकाचे. दोन मजुरांचे असे आठ तास झाले की मालक जेमतेम मजुराइतकं खाणार. त्याला मजुराच्या दुप्पट चांगलं राहायचं असेल तर चार मजूर लागतील. आणि हाती आलेल्यातलं निम्मं परत धंद्यात घालायचं असेल, तर आठ. शंभराहून अधिक वर्षांनी एवढ्या अवाढव्य देशातल्या धंद्याला या हिशेबाने वेसण घातली!

आनह्वी प्रांतातल्या वूहू शहरात न्यान ग्वांगच्यू कलिंगडाच्या भाजलेल्या बिया विकायचा. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, मालाचं नाव ‘खुळ्याच्या बिया’. मापावर मूठभर जास्त घालायचा, असं सांगतात. बघता बघता त्याच्याकडचे कामगार शंभरावर गेले आणि ओरड सुरू झाली: हा भांडवलदार, याला आवरा.

१९८४ मध्ये चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांचं म्हणणं पडलं, की राहू द्या. त्याला हात लावला तर धोरण फिरलं असं वाटून लोक धास्तावतील. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. मार्क्सला कुणी खोडलं नव्हतं, नियमही कुणी फाडला नव्हता. सरकारने आठव्या माणसाकडे काणाडोळा केला, इतकंच. तरीही जपून राहणारे पुष्कळ होते. स्वतःचा कारखाना ते सामूहिक मालकीचा म्हणून नोंदवत. याला ‘लाल टोपी घालणं’ म्हणत.

१९८८ मध्ये खासगी उद्योगाला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. त्याच वर्षीच्या नियमावलीत त्याची व्याख्या झाली: आठ किंवा अधिक कामगार असलेला. आधी ज्या आकड्याची धास्ती, तोच आता पात्रता!

न्यानला मात्र १९८९ मध्ये अटक झाली. १९९२च्या दक्षिण चीनच्या दौऱ्यात डेंगना या बियावाल्याचा दाखला पुन्हा द्यावा लागला, आणि त्याच वर्षी तो सुटला.