सर्पगंधा लावा, पण मूळ चघळू नका

‘डॉक्टर, कुंडीत सर्पगंधा लावली तर रक्तदाबाची गोळी बंद करता येईल का?’ हा प्रश्न मला रुग्ण नेहमी विचारतात. झाड जरूर लावावे. गोळी मात्र चालूच ठेवावी.

सर्पगंधा हे आपल्याच मातीतले, कोकणात व सह्याद्रीच्या ओलसर रानात गुडघाभर वाढणारे झुडूप. पांढऱ्या, किंचित गुलाबी फुलांचे गुच्छ येतात आणि त्यांचे देठ लाल असल्याने ते फार शोभून दिसतात. मुळांसाठी सतत उपटले गेल्याने रानात ते दुर्मिळ झाले आहे. म्हणून रोप रानातून आणू नये, खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावे. परदेशातून आलेली तिची एक भावकीही सर्पगंधा म्हणून खपवली जाते. तिची फुले अगदी बारीक असतात व लाल देठांचा थाट नसतो.

बी ताजे हवे. रात्रभर पाण्यात भिजवावे, तरंगणारे पोकळ बी टाकून द्यावे. तरीही निम्मे उगवले तर नशीब समजावे! पावसाच्या तोंडाशी पेरावे. अर्धवट सावली व पाण्याचा निचरा होणारी माती तिला मानवते. पाणी साचले की मूळ कुजते.

आता औषधाविषयी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली या मुळाचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. १९५२ मध्ये त्यातून रेझरपीन हे द्रव्य वेगळे काढले गेले. म्हणजे गुण खरा आहे, आणि धोका त्यातच आहे. झाडाचे वय, माती, हंगाम यांप्रमाणे मुळातील द्रव्य कमीजास्त होते. बोटभर तुकड्यात किती आहे हे मीही सांगू शकणार नाही. गोळी चालू असताना मूळ चघळल्यास रक्तदाब एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. नाडी मंदावते, नाक चोंदते, जठरव्रण बळावतो. सर्वांत वाईट म्हणजे मन खिन्न होते. घरच्यांना वाटते, वय झाले! याच त्रासामुळे आम्ही डॉक्टर आता रेझरपीन क्वचितच लिहून देतो.

आधीच मूळ घेत असाल तर आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर विशेषच. त्याचा परिणाम बंद केल्यावरही काही दिवस राहतो.

फळे पिकल्यावर काळी-जांभळी, करवंदासारखी दिसतात. लहान मुले असतील तर फुले झडताच गुच्छ खुडून टाका. मुलाने फळ खाल्लेच, तर उलटी करवण्यात वेळ न घालवता झाडाची डहाळी बरोबर घेऊन दवाखाना गाठा.